बापाचा डगला
आमच्या कोरोष्का प्रांतात नवा राजा शेतकऱ्याचा डगला घालून माळावरच्या शिळेपाशी येतो. शिळेवर बसलेला शेतकरी त्याची ओळख विचारतो, राजानं न्याय विसरू नये म्हणून उठून त्याच्या गालावर चापट मारतो आणि शिळा त्याला मोकळी करून देतो, मगच राज्याभिषेक होतो. यंदा शिळेवर मी होतो. राजासाठी बापाचा डगला मी धाकट्या भावाच्या हाती धाडला होता. डगला आला, पण आत राजाचा कारभारी होता. खुद्द राजा लांब घोड्यावर जांभया देत होता. "कोण रे हा?" मी ओरडलो. भाऊ पुढे आला, पायात नवे कोरे बूट. "राजाच की, दादा! आटप, तिकडे मेजवानीचं कोकरू करपतंय." "बापाची शपथ?" "बापाची शपथ!" मी उठलो. कारभाऱ्यानं डोळे मिटून गाल पुढे केला. राजाच्या वाट्याची चापट मी भावाला लगावली आणि परत शिळेवर जाऊन बसलो.