टाकी भरलेली, इंजिन उपाशी

सहाव्या फेरीला लांबच्या वळणावर लाल गाडी खोकली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. सकाळपासून ही तिसरी वेळ. चौघांनी ढकलत शेडपाशी आणली. चालवणारी पोरगी हेल्मेट काढून बाजूला उभी राहिली. आणखी एकदा बंद पडली तर उद्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीत घेणार नाही, असं शर्यतवाल्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

मिस्त्री गाडीभोवती फिरत होता. ही गाडी त्यानंच बांधली होती, या पोरीच्या बापासाठी. बाप शेडबाहेर खुर्ची टाकून बसला होता, आत पाठ करून. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो गल्लीत बोलला की पुढच्या चौकात ऐकू जाई. मिस्त्रीपुरता मात्र हा भोंगा बावीस वर्षं बंद होता. पोरीनं मिस्त्रीला बोलावून आणलं ते बापाला न विचारता. बाप उठून गेला नाही, एवढंच काय ते नशीब.

पंप ठीक. गाळणी ठीक. नळ्या तर पोरीनं सगळ्या नव्याच घातल्या होत्या. शेडमध्ये इंजिन गुणी बाळासारखं चालायचं. घोडं पेंड खात होतं कुठं, तेच कळेना. टाकीत पेट्रोल भरपूर आणि इंजिन उपाशी, म्हणजे भरल्या घरात उपासमारच की.

गाडी बंद पडली की आधी काय करता, असं त्यानं पोरीला विचारलं. ती म्हणाली, पेट्रोल आहे का ते झाकण उघडून बघतो. असतंच. मग झाकण लावतो, आणि गाडी लगेच चालू होते.

"आत्ता उघडलंत?"

"नाही अजून."

मिस्त्रीनं सगळ्यांना मागे सारलं, टाकीला कान लावला आणि झाकण सावकाश फिरवलं. सूंऽऽ करून टाकीनं हवा आत ओढली. बुडणारा माणूस वर येऊन श्वास घेतो तशी.

झाकणाला हवेसाठी सुईएवढं भोक असतं. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यावी लागते, नाही आली तर टाकी पेट्रोल सोडत नाही. मिस्त्रीनं झाकण उलटं केलं. भोकावर शिशाचा डाख होता, तांदळाच्या दाण्याएवढा, कानशीनं घासून सपाट केलेला. एवढ्याशा डाखावर कानस मारत बसणारा खुळा त्या काळी एकच होता.

तो स्वतः. बावीस वर्षांपूर्वी वळणावर त्या भोकातून पेट्रोल उडायचं ते थेट भोंग्याच्या पाठीवर. पाठ सोलून निघाली होती. वहिनी म्हणाल्या, भावजी, हे काही बोलायचे नाहीत, तुम्हीच काहीतरी करा. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यानं भोक बुजवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. काय दिवस होते ते! एका कपात दोघांचा चहा, टायरवर डोकं ठेवून दुपारची झोप. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा दोघं गळ्यात गळे घालून रडले होते.

आणि त्या शर्यतीत भोंगा सगळ्यांच्या पुढे असताना गाडी बंद पडली. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही, मी पाय काढला नाही, असं तो ओरडून सांगत होता. शेडमध्ये आणून झाकण उघडलं, पेट्रोल पाहिलं, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तेव्हा मिस्त्री चारचौघांत म्हणाला होता, "खोट माझ्या इंजिनात नाही, ह्याच्या काळजात आहे." भोंगा पुन्हा कधी गाडीत बसला नाही.

"कचरा बसला होता का हो काका?" पोरगी विचारत होती. "नाही म्हणजे, सगळं बदललं मी, पण झाकण तेवढं बाबांच्या वेळचं म्हणून ठेवलं होतं."

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. कुणाच्या बापाला कळणार होतं? मिस्त्री "बघतो" म्हणाला आणि कामाला लागला. झाकण धुऊन वाळवलं, लांब नेऊन डाख वितळवला. भोकावर तांब्याची बारीक नळी बसवली, वर नेऊन पुन्हा खाली वाकवली. हवा आत येईल, पेट्रोल अंगावर उडणार नाही. जेमतेम अर्ध्या तासाचं काम. हे तेव्हा का सुचलं नाही, म्हणून तो स्वतःवरच चरफडत राहिला.

गाडी बाहेर पडली. मिस्त्री जाऊन भोंग्याच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. दोघंही फेऱ्या मोजत होते. सहाव्या फेरीला गाडी लांबच्या वळणात शिरली आणि आवाज न तुटता बाहेर आली. सातव्यालाही तशीच.

"तेव्हा तुझा पाय निघाला नव्हता," मिस्त्री म्हणाला. "झाकणाचं भोक मी बुजवलं होतं. तुझी पाठ भाजत होती म्हणून."

भोंगा गाडीकडेच बघत राहिला. आता शिव्या घालेल, असं मिस्त्रीला वाटलं. घालाव्यात, असंही वाटलं.

"पहिली दोन-तीन वर्षं मी तुला रोज शिव्या घातल्या," भोंगा म्हणाला. "मग मलाच वाटायला लागलं, निघालाच असेल पाय."