धड पायाचा कोंबडा

तिसऱ्यांदा कोंबड्याचा पाय मोडला, तेव्हा बुधा भगताने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हे मांजराचं काम नाय. माणसाचा हात हाय."

कुसाबाईने कोंबडा त्याच्याकडून घेऊन पोटाशी धरला. तिची सून भागी चुलीपुढे बसली होती. ओसरीवर जमलेल्यांच्या नजरा तिकडेच गेल्या. आत खाटेवर पडलेल्या पुंजाने, म्हणजे कुसाबाईच्या मुलाने, तिथूनच बायकोला शिवी हासडली.

सत्त्याहत्तर सालच्या पौषात पुंजा घोटीच्या बाजारातून पिऊन येताना बैलगाडीतून पडला आणि त्याचा उजवा पाय मोडला. त्याच दुपारी घरी मुसळ कलंडून कोंबड्याचाही उजवा पाय मोडला. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पुंजाला प्लास्टर घातले, दीड महिन्याने काढले. हाड जुळलंय, आता चाला, म्हणाले. पण पुंजा उभा राहायला गेला की पाय ओल्या दोरीसारखा लुळा पडायचा. पुन्हा फोटो काढला. फोटोत पाय चांगला होता.

तोवर कोंबडाही लंगडतच होता. तो साधा कोंबडा नव्हता, वाघदेवाच्या नावाने राखलेला होता. आणि देवाला व्यंग असलेला जीव चालत नाही. बुधाने तांदळाचे दाणे मांडून कौल लावला.

"दोघांचं पाय एकाच घडीला गेलं, एकाच घडीला येतील," तो म्हणाला. "कोंबडा धड चालू द्या, मग देवाला द्या. पुंजा उठंल. पण त्याआधी कोंबडा मेला, तर पुंजाबी जाईल. जपा."

मग कुसाबाईने कोंबड्याला जसे जपले, तसे लाड जावयाचेही कोणी करत नाही. हळद-चुन्याचा लेप, वर एरंडाचे पान, त्यावर बांबूच्या कामट्या आणि स्वतःच्या लुगड्याची पट्टी. हाड बांधायला तिचा हात बसलेला होता. दोन वर्षांपूर्वी भागीचा हात मोडला तेव्हा तिनेच बांधला होता. भागी विहिरीच्या पायरीवरून घसरली, असे तेव्हा पाड्यावर सांगितले होते. भिजवलेली नागली कुसाबाई कोंबड्याला तळहातावरून भरवायची आणि निजताना त्याचे डालगे उशाशी घ्यायची. एकुलता एक मुलगा, आईचाच जीव तो, असे सगळे म्हणत. ते खरेच होते.

आणि कौल खरा ठरू लागला, हेच अंगावर काटा आणणारे होते. कोंबड्याने पाय टेकला, त्या दिवशी पुंजाची बोटे हलली. कोंबडा अंगणात चार पावले चालला, तसा आत पुंजा भिंत धरून उभा राहिला. आणि एका सकाळी पुंजा पाय धरून गुरासारखा ओरडला, कुसाबाई परसातून धावत आली, तर तिच्या हातात कोंबडा आणि कोंबड्याचा पाय लोंबत होता. असे एकदा झाले. महिन्याने पुन्हा झाले.

"ज्याला पुंजा उठायला नको, त्याचं हे काम," बुधा आता म्हणाला.

"म्या हात नाय लावला, आत्याबाई," भागी रडत म्हणाली. "आईशप्पत नाय लावला."

कुसाबाईने तिच्याकडे पाहिलेही नाही. "बोचकं बांध. माहेरी जा. म्या बोलावल्याबगर इकडं फिरकायचं नाय."

ती स्वतः सुनेला एसटीत बसवून आली. सासू असावी तर अशी खमकी, असे पाड्यावर बोलले गेले. भागी मात्र गाडी हलेपर्यंत रडत होती.

आता घरात मायलेक आणि कोंबडा. कुसाबाईने पुन्हा लेप, पुन्हा कामट्या सुरू केल्या. महिनाभराने पट्टी सोडली. कोंबडा आधी अडखळला, मग तुरा हलवत थेट विहिरीपर्यंत चालत गेला. आत काठी टेकत पुंजा उंबऱ्यापर्यंत आला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आले. लेकराला चालताना ती दुसऱ्यांदा पाहत होती.

बुधा येऊन कोंबडा निरखून गेला. "झ्याक झालाय. उद्या सकाळी देवाला नेऊ. उद्यापासून पुंजाला काठीबी नको."

दुपारी पुंजा भिंतीला टेकून जेवायला बसला. आईने तांदळाची भाकर आणि सुकटाची चटणी केली होती, त्याच्या आवडीची. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता.

"आये, पाय आला का पयला भागीच्या माहेरी जातो," तो म्हणाला.

"आणायला?"

"आणायला कशाला? मागं निसता हात मोडला, तर तिनं माझा पाय खाल्ला. आता मानच मुरगाळतो."

"तिच्या पोटात तुझं पोर हाय, पुंजा."

"असू दे."

कुसाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. त्याचा बापही असाच शांतपणे बोलायचा. तिने अजून एक भाकर त्याच्या ताटात वाढली.

"पोटभर जेव," ती म्हणाली.

मग ती परसात जाऊन उन्हात बसली. तिला पाहून कोंबडा आपणहून आला आणि मांडीवर चढला. तिने त्याला नागली भरवली, पाठीवरून हात फिरवला. तिचा फार जीव होता त्याच्यावर. पुंजावरही होता. तिने कोंबड्याचे डोळे पदराने झाकले, आणि मागच्या दोन खेपांसारखाच, जीवाला अपाय होणार नाही अशा बेताने, त्याचा पाय मोडला.