तीनशे पायऱ्या

“तीनशे पायऱ्या तुला झेपायच्या नाहीत,” असं म्हणून यशवंतराव वायनाडच्या जंगलातल्या धबधब्याकडे उतरले. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई वर चहाच्या टपरीवर थांबल्या. पस्तीस वर्षं प्रत्येक सहलीत त्या अशाच थांबत आल्या होत्या.

झाडीतून पाण्याचा आवाज येत होता, अंगाला गार वारा झोंबत होता. अर्ध्या तासाने त्या उठल्या आणि कठड्याला धरून सावकाश उतरू लागल्या.

निम्म्या वाटेवर यशवंतराव गुडघा चोळत बसलेले दिसले.

“खाली बघण्यासारखं काही नाही गं. चल परत.”

“तुम्ही पोचलात खाली?”

ते पायऱ्यांवरच्या शेवाळाकडे बघत राहिले. मंदाकिनीबाईंनी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

“जरा दम खा. धबधबा कसा आहे, ते मी आल्यावर सांगते.”