ट्रेलरवरचे दोन पाइप

"बाबा, बोट मी एकटीने ट्रेलरवर चढवू?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून धक्क्यावर सगळ्यांसमोर विचारलंच.

बाबा हसले. "अगं, मी कमरेएवढ्या पाण्यातून ढकलतो, आई काठावरून दोरी ओढते, तरी तिरकीच जाते ती!"

पण ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना मी जुना गालिचा गुंडाळलेले पाइप उभे बसवले होते. ट्रेलरच्या पुढच्या रहाटाचं हँडल फिरवून मी बोटीची दोरी ओढली. बोट डावीकडे कलली, पाइपाला घासली आणि शहाण्या बाळासारखी सरळ ट्रेलरवर बसली!

"बाबांची पँट भिजू नये म्हणून एवढा खटाटोप?" आई म्हणाली.

"छे! दोरीपायी तू कायम काठावरच राहतेस, म्हणून. ठरलं, उद्या मासे धरायला तुम्ही दोघं जायचं. काठावर मी थांबणार!"