यशीचं वजन

अंगणवाडीच्या आढ्याचा हूक गायब होता.

"काल तर हितंच व्हता!" वच्छलाबाई वर बघत म्हणाल्या. त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. उंची अशी की बसल्या काय नि उभ्या राहिल्या काय, सारखंच. शेजारी आरोग्य खात्याचे सर्जेराव. ते कमरेत वाकत तेव्हा कुठं त्यांचं बोलणं खाली माणसांत पोचे.

दोघांच्या मधे आम्रपाली, मांडीवर तिची लेक यशी. पोर रडत नव्हती, हीच तर भीती. रडायलाही अंगात काही लागतं. उसाच्या फडातून तिला उचलून आम्रपाली एकटीच गावी आली होती. मोठ्या दवाखान्यात अशा कुपोषित लेकरांसाठी खाटा होत्या, पण दोन्ही खाती 'हो' म्हणाली तरच. सर्जेरावांच्या काट्यावर यशी मरायला टेकलेली भरे, वच्छलाबाईंच्या काट्यावर धडधाकट. दोनदा ती दवाखान्याच्या दारातून परतली. शेवटी वरून हुकूम सुटला, दोघांनी मिळून एकाच काट्यावर वजन करा.

आणि आता काटा टांगायला हूक नव्हता. वर चढावं तर शिडी वीजवाल्यांची. बाहेरच्या लिंबाला टांगावं तर त्याची फांदी न् फांदी शेळ्यांच्या चाऱ्यासाठी छाटलेली.

"पुढल्या मंगळवारी बघू," सर्जेराव म्हणाले.

"मंगळवारी माझी मीटिंग हाय."

"मग मला आज कशाला बोलावलं?"

आम्रपाली उठली. तिच्या दोन्ही कोपरांची सालटं गेली होती, पण तिकडं बघतो कोण! कोपऱ्यातला बांबू तिने पुढं केला. "भाऊ, एक टोक तुमी घ्या. बाई, एक तुमी."

बांबू खांद्यावर चढला. काटा टांगला, झोळीत यशी ठेवली. झोळी सरळ घसरली ती वच्छलाबाईंच्या पदरात.

"बघा, पोर तुमच्याच खात्याची," सर्जेराव हसले. मग दोघांनी काटा बघितला. हसू विरलं.

"गाडी बोलवा," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आमच्या गाडीत डिझेल न्हाई. तुमची?"

"डिझेल हाय, ड्रायव्हर न्हाई."

"मग आमचा ड्रायव्हर तुमच्या गाडीवर..."

"तसा नियम न्हाई."

"बरं, उतरवू खाली," सर्जेराव आम्रपालीला म्हणाले. "तू हो म्होरं, आमी मागनं येतो."

आम्रपालीने बांबूला गच्च मिठी मारली. "उतरवायची न्हाई! खाली ठिवली की तुमी परत दोन व्हताव. दोनदा बघितलंय म्या!"

आणि तिने बांबू ओढला. कासऱ्याने बैल ओढावेत तशी दोन्ही खाती निघाली. वाटेत लिंबागणेशच्या बाजारात लोकांना पालखी वाटली. एका म्हातारीने तर झोळीला हात जोडले. सर्जेरावांच्या चपलेचा अंगठा तुटला. वच्छलाबाई रडत होत्या, पण खांदा काढत नव्हत्या.

दवाखान्याच्या दारातल्या शिपायाने तोंड उघडलं, "कोणत्या खात्याकडून?" एका बांबूखाली दोघं दिसली, तसं ते मिटलं आणि दार उघडलं.

दूध पोटात गेल्यावर बऱ्याच वेळाने यशी रडली. पार व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं.

तेव्हा आम्रपालीने पदराची गाठ सोडली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "जाताना एवढा आढ्याला परत लावून टाका."

तिच्या तळहातावर हूक होता.