मास्तरांची सीट

मास्तरांनी तिसऱ्या विमानाच्या चाकांखालचे लाकडी ठोकळे ओढून काढले, बाजूला झाले आणि अंगठा वर केला. मग बाकावर ठेवलेली पिशवी घ्यायला वळले. पिशवी घेऊन पाहतात तर विमान चालू लागलेलं.

अंगठा वर म्हणजे निघा. फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकणाऱ्यांना तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं.

हाक मारून उपयोग नव्हता, इंजिनाच्या आवाजात स्वतःचीच हाक ऐकू येत नाही. धावता आलं असतं. पण पंखा फिरत असलेल्या विमानाकडे धावायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. या एका गोष्टीवरून त्यांनी कितीजणांना सगळ्यांदेखत झापलं होतं. ते पिशवी धरून जागच्या जागी उभे राहिले. तिन्ही विमानं एकामागून एक उडाली आणि टेकडीच्या बाजूला वळली.

घोटाळा साधाच होता. पहिलं विमान दातांच्या डॉक्टरांचं, तेच क्लबचे सेक्रेटरी. "मास्तर, तुमच्याशिवाय सहल कसली," असं ते आठवडाभर म्हणत होते. त्यांनी गृहीत धरलं की मास्तर शेवटच्या विमानात बसतील, कारण ते चालवणारी मुलगी नवी. दुसरं कंत्राटदाराचं, त्यात बायको, मेहुणा आणि मेहुण्याची बायको असा सगळा गोतावळा, तिथे प्रश्नच नव्हता. आणि त्या नव्या मुलीला वाटलं, डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यापासून मास्तर उडत नाहीत, आज नुसते निरोप द्यायला आलेत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर तीन घरं होती.

मास्तर क्लबच्या खोलीत आले. रविवार असल्यामुळे खोलीत कुणी नव्हतं. लांब टेबल, भोवती दहा-बारा खुर्च्या, कोपऱ्यात रेडिओ चालू. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि रेडिओजवळच्या खुर्चीत बसले. त्यांना राग आला नव्हता. लाज वाटत होती, आणि ती का वाटावी हे त्यांना कळत नव्हतं.

थोड्या वेळानं रेडिओवर डॉक्टरांचा आवाज आला. "मास्तर, तिला जरा डावीकडे घ्यायला सांगा. फार लांब राहिली ती."

"मास्तर माझ्याकडे नाहीत," मुलगी म्हणाली. "ते खालीच राहिले. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही," कंत्राटदार म्हणाला.

मग रेडिओची खरखर तेवढी येत राहिली. मास्तर कान देऊन ऐकत होते. पुढचं वाक्य डॉक्टर काय बोलतात, यासाठी त्यांचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता.

"आता..." डॉक्टर म्हणाले, आणि थांबले. "आता परत फिरायचं म्हणजे तिकडे पोचायला उशीर होणार. पण मास्तरांना असं..." पुन्हा थांबले. "बोला की कुणीतरी."

मास्तरांनी माइक उचलला आणि बटण दाबलं.

"अरे, मीच थांबलो. सकाळपासून पोट बिघडलंय. वर येऊन काही झालं असतं तर तुमचीच पंचाईत."

"मास्तर? मग सांगायचं नाही का! मी परत येतो. वीस मिनिटांचा तर प्रश्न."

"काही नको. इंधन जाळू नका उगीच."

"नक्की ना?"

"नक्की."

"बरं," डॉक्टर म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मानेवरचं ओझं उतरावं तसा तो आवाज हलका झाला होता, आणि मास्तरांचे डोळे कितीही अधू झाले असले तरी कान शाबूत होते.

"मास्तर," मुलगी म्हणाली, "तुम्ही बाजूला असता तर बरं झालं असतं. विमान थोडं डोलतंय."

"काठी घट्ट धरू नकोस. नदी दिसली की ती उजव्या हाताला ठेव. जमतंय तुला."

"हो मास्तर."

नंतर त्यांची आपापसात थट्टामस्करी सुरू झाली. कंत्राटदाराच्या मेहुण्याला उलटी झाली, त्यावर सगळे हसले. मास्तरही हसले. आवाज हळूहळू पुसट होत गेले आणि टेकडीपलीकडे विमानं खाली उतरायला लागली तेव्हा बंदच झाले. तरी मास्तर बराच वेळ तिथेच बसून राहिले.

फोन वाजला. त्यांच्या लेकीचा होता. ती दूर राहायची आणि सुट्टीच्या दिवशी न चुकता फोन करायची.

"बाबा, पोचलात?"

"पोचलो. आत्ताच उतरलो."

"कुणाच्या विमानातून गेलात?"

"डॉक्टरांच्या. पुढे, त्यांच्या शेजारी."

"बघा! आणि तुम्ही जायलाच तयार नव्हता. म्हणे, मला आता कोण विचारतंय."

मास्तरांनी रेडिओचा आवाज पार बारीक केला. "हो गं. माझंच चुकलं."

"दिसलं का नीट?"

"सगळं दिसलं. नदीला पाणी कमी आहे यंदा. पुलाच्या खाली वाळू उघडी पडलीय."

"मला इतकं बरं वाटलं बाबा. मी रात्रभर तोच विचार करत होते, की हे लोक तुम्हाला नेतील ना. बरं, आता काय करताय?"

मास्तरांनी समोरच्या लांब टेबलाकडे आणि त्याभोवतीच्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"जेवायला बसतोय. चल, ठेवतो आता. सगळे माझ्यासाठी खोळंबलेत."