विषय : थोडं घरातलं

टोपणनाव घेतलेल्या नव्या सदस्यबाईंचं पत्र काकांनी आजही परत पाठवलं. विषयाच्या ओळीत बाईंनी लिहिलं होतं, ‘थोडं घरातलं’. काल होतं ‘काय करावं?’ आणि त्याआधी नुसतंच ‘नमस्कार’. आता नमस्कार हा काय विषय झाला?

काकांची हयात वर्तमानपत्रात मथळे देण्यात गेली होती. निवृत्तीनंतर थोरल्या भावाला विसरण्याचा आजार जडला, तेव्हा अशा माणसांना सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी त्यांनी हा ई-मेल गट काढला. भाऊ गेला, गट राहिला. प्रत्येक पत्र आधी काकांकडे येई आणि त्यांनी होकार दिला की मगच सगळ्यांना जाई. विषय मोघम दिसला की पत्र न उघडताच माघारी. सदस्य पाठीमागे त्यांना ‘मथळेकाका’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

बाईंना त्यांनी समजावून लिहिलं. दिवसभर दमलेली माणसं ही पत्रं चाळतात, ‘थोडं घरातलं’ कोण उघडणार? दुखणं कोणाचं, घडलं काय आणि तुम्हाला विचारायचं काय, एवढं एका ओळीत येऊ द्या. आडपडदा नको, इथे सगळे आपलेच आहेत.

पत्र गेलं आणि स्वयंपाकघरात काकूंचा फोन टिंग वाजला. काकूंच्या मैत्रिणींना दुसरा उद्योग नसतो.

काका चहा करायला उठले. कपाटांच्या दारांवर काकूंनी अलीकडे चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ‘चहा’. ‘साखर’. ‘गॅस बंद केला का?’ अक्षर ठसठशीत, शब्द मोजके, नाव ठेवायला जागा नव्हती. तरी काका त्यांच्याकडे बघायचं टाळत. भावाच्या घरीही सुरुवात अशाच चिठ्ठ्यांनी झाली होती.

“किल्ल्या सापडल्या का गं?” त्यांनी विचारलं.

काकू कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नाही हो. ठेवल्यात कुठेतरी, आठवत नाही.”

ज्या बाईची साधी सुई कधी हरवली नाही, तिला गाडीच्या किल्ल्या सापडत नव्हत्या. नातीला शाळेतून आणायचं काम काकांचं. दिवसातलं तेवढंच एक काम, ज्यासाठी कोणीतरी त्यांची वाट बघत असे. ते बंद झाल्यापासून दुपार खायला उठायची. आपण चालत जातो, असं त्यांनी म्हणून पाहिलं. मुलगा आणणार आहे तिला, काकू म्हणाल्या.

मुलगाही विचित्रच वागत होता. गेल्या आठवड्यात नात गाडीत रस्ताभर रडली. काकांनी गोष्ट सांगितली, खिशातली लिमलेटची गोळी दिली, पण हुंदके थांबेनात. लाडावून ठेवलीय, दुसरं काय. घरी पोचले तर दार उघडणाऱ्या काकूंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी पोरीला उचललं आणि तशाच अनवाणी तिला घेऊन बाहेर धावल्या. संध्याकाळी मुलगा आला, दार लावून आईशी बोलला आणि बापाकडे न बघता निघून गेला. पोरं रडतातच, त्यात एवढं काय?

किल्ल्या हरवल्या त्या त्याच दिवशी. अनवाणी रस्त्यावर धावणं हे काही धड लक्षण नव्हतं. शेवटी शेवटी भाऊ वहिनीकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघायचा, ते काकांना आठवलं. उद्या ही आपल्याकडे तसं बघेल या विचाराने त्यांना भडभडून आलं.

“आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ,” ते म्हणाले. “घाबरू नकोस. मी आहे ना.”

काकूंच्या हातातली सुरी थांबली. “याल तुम्ही?”

“म्हणजे काय? तुला एकटीला पाठवीन का?”

काकूंनी मनगटाने डोळे पुसले. काका कप घेऊन वळले तसा हात लांबवून काकूंनी गॅस बंद केला, फोन उचलला आणि त्या गॅलरीत जाऊन बसल्या. खोलीतून काकांना त्यांची पाठ दिसत होती. त्या लिहीत होत्या, खोडत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. मैत्रिणीला एवढं काय लिहायचं असतं कोण जाणे.

चहा निवायच्या आत बाईंचं नवं पत्र आलं. चष्मा नव्हता, पण ओळ चांगली लांब होती आणि शेवटी प्रश्नचिन्हही दिसत होतं. शिकल्या बरं का बाई, काका स्वतःशीच म्हणाले. आज होकार द्यायचा, आणि शाबासकीही. गॅलरीत काकू फोन मांडीवर ठेवून त्यांच्याकडे वळून बघत होत्या. काकांनी चष्मा लावला आणि जुन्या सवयीने ओठ हलवत विषय वाचला.

‘माझे यजमान, हा गट तेच चालवतात : शाळेतून नातीऐवजी दुसऱ्याच कुणाची मुलगी गाडीत बसवून घरी आणली, किल्ल्या मी लपवल्यात, त्यांना कसं सांगू?’